पस्तीसची लेन्स

माझी आई उपाशी नव्हती. एखाद्या प्रकरणाची सुरुवात अशी करावी लागते याचीच मला चीड येते, पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं भलत्याच नजरेने वाचलं जाईल. आमच्या घरात नवे कपडे वर्षातून एकदा, नाताळला यायचे. उन्हाळ्यात पत्रे असे तापायचे की दुपारी आत थांबवत नसे. पप्पांच्या टेम्पोचं काही ना काही कायम गॅरेजमध्ये पडलेलं असायचं. हे सगळं खरं आहे आणि ते मी कधी लपवलं नाही. पण खाण्याच्या बाबतीत आई कुणाचं ऐकून घेत नसे. तिच्या दारातून पाहुणा नुसत्या चहावर परत गेलेला मला आठवत नाही, आणि ती स्वतः जेवायला बसली की ते जेवण बघण्यासारखं असायचं. मांडी ठोकून, पदर खोचून, कुठलीही घाई न करता.

आमचं घर काष्टीत, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पप्पा दुधाचा टेम्पो चालवायचे. पहाटे टेम्पोत कॅन चढवतानाचा खडखडाट हेच आमचं घड्याळ होतं. आई सुकट-बोंबील विकायची. काष्टी, श्रीगोंदा, कर्जत हे तिचे ठरलेले बाजार. माल नगरच्या ठोक व्यापाऱ्याकडून यायचा. घरात मागच्या खोलीत पोती रचलेली असत, त्यामुळे आमच्या पांघरुणांना, दप्तरांना, अगदी बायबलच्या पानांनाही जवळ्याचा वास असे. शाळेत मुली माझ्या शेजारी बसायला कुरकुरत आणि त्याच मुलींच्या आया आईकडून घासाघीस करून बोंबील नेत. रविवारी चर्चला निघताना आई हातांना लिंबू चोळायची. वास तरी राहायचाच. ती म्हणायची, देवानं शिष्य करायला मासेवाल्यांनाच आधी बोलावलं हुतं, त्याला काय नवं न्हाई.

बाजारात आमची जागा जनावरांच्या बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मिरचीवाली शकूमावशी. शकूमावशीने नवं पोतं मोकळं केलं की निम्म्या रांगेला शिंका सुटत आणि डोळे वाहू लागत. दुपारी गिऱ्हाईक जरा ओसरलं की आई डबा उघडायची. बाजरीची भाकरी, तव्यावर भाजून लसणाबरोबर रगडलेली सुकट, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. तिचं जेवण बघून समोरचा भांडीवालासुद्धा आपला डबा काढायचा. मी आजवर मोठमोठ्या हॉटेलांत, लग्नांच्या पंगतीत जेवणारी माणसं टिपली आहेत, कारण तोच माझा धंदा आहे. पण तसं मन लावून जेवणारं माणूस मला पुन्हा दिसलं नाही.

फोटोचा नाद मला भाऊसाहेबांच्या स्टुडिओत लागला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावातले पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम करणारे. मी कॉलेजातून आले की दुपारभर त्यांच्याकडे बसायची, फोटो कापायची, लग्नाच्या सीझनला त्यांच्याबरोबर लाइट धरून उभी राहायची. तेव्हा डिजिटल कॅमेरे नुकते आमच्याकडे आले होते. त्यांनी नवा घेतला तेव्हा जुना माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "शीला, बॉडी चांगली आहे, लेन्स गेलीये. लेन्स तुझी तू बघ." एवढं एक वाक्य, पण त्यावर मी कित्येक महिने जगले. कुठली लेन्स घ्यायची? मला लग्नं नको होती, मला बाजार हवा होता. रस्त्यावरची माणसं, त्यांचे हात, त्यांची भांडणं. भाऊसाहेबांचं मत झूमच्या बाजूने होतं. लांबून मारायचं, माणूस नॅचरल येतो, असं ते म्हणायचे. मलाही ते पटायचं. पटायला कारण होतं.

हिवाळ्यात शनिवारी नगरहून फोटो काढणाऱ्यांची एक टोळी बाजाराला यायची. खूप खिशांची जाकिटं, गळ्यात तोफेसारख्या लेन्सा. ते जनावरांच्या बाजाराच्या उंचवट्यावर उभे राहायचे आणि तिथून खाली बैल, व्यापारी, म्हाताऱ्या, पोरं टिपत बसायचे. त्यांत एक डॉक्टर होते. बोलायला गोड, वयाने पप्पांएवढे. मी कॅमेऱ्याबद्दल काहीबाही विचारायची आणि ते समजावून सांगायचे. एकदा त्यांनी मला त्यांच्या लेन्समधून बघू दिलं. अर्ध्या बाजारापलीकडच्या म्हातारीच्या नाकातली चमकी दिसली. मी चाटच पडले. अशीच लेन्स घ्यायची, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे त्यांनी सांगितलं की नगरला त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, आमच्या बाजाराचे बरेच फोटो लागणार आहेत, तू जरूर ये. नगर म्हणते, कारण नाव बदललं तरी आमच्या तोंडात अजून तेच बसलं आहे.

आईला माल भरायला नगरला जायचंच होतं. व्यापाऱ्याकडचं काम उरकून आम्ही दोघी प्रदर्शनाला गेलो. आईच्या हातात रिकाम्या गोण्यांची घडी होती आणि अंगाला नेहमीचा वास. दारावरच्या माणसाने आमच्याकडे दोनदा बघितलं, मग आत सोडलं. थंडगार हॉल, पांढऱ्या भिंती, कुजबुजत बोलणारी माणसं. आई एकेका फोटोपुढे थांबून माणसं ओळखत होती. हा पारगावचा दलाल, ही शकूची जाऊ, ह्यो बैल मागल्या महिन्यात इकला. तिला मजा वाटत होती. मग आम्ही मधल्या भिंतीपाशी आलो.

तिथे एकच फोटो होता, दाराएवढा, काळापांढरा. माझी आई. पदर डोक्यावरून घसरलेला, डोळ्यांत पाणी भरलेलं, एक ओघळ गालावर आलेला, आणि उजव्या हाताची बोटं ओठांवर. मागचं सगळं धुरकट. बाजार नाही, शकूमावशी नाही, पोती नाहीत. नुसता एक रडका, सुरकुतलेला चेहरा आणि तोंडाशी गेलेला हात. खाली डॉक्टरांचं नाव, शेजारी पहिल्या बक्षिसाची लाल फीत, आणि मोठ्या अक्षरांत फोटोचं नाव: भूक.

आई फोटोच्या अगदी जवळ गेली. मग मला विचारलं, तिथं काय लिहिलंय. तिला वाचता येत होतं, तरी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"भूक?" ती म्हणाली. "मी तर जेवत हुते."

आणि तसंच होतं. नीट बघितलं तर ओठांवरच्या बोटांना सुकटीचं तिखट लागलेलं दिसत होतं. डाव्या हातातली भाकरी चौकटीच्या बाहेर राहिली होती. शकूमावशीने पोतं मोकळं केलं असणार, म्हणून डोळ्यांत पाणी. उंचवट्यावरून, अर्ध्या बाजारापलीकडून, तेवढाच तुकडा उचलला होता डॉक्टरांनी. मी डॉक्टरांना शोधून आणलं आणि सांगितलं की ही माझी आई, ती जेवत होती, हा फोटो काढून घ्या. त्यांना आधी आनंदच झाला. त्यांनी आईला हात जोडले, चार लोकांना बोलावून तिची ओळख करून दिली, आणि ती लोकं आईकडे अशा काही मायेने बघायला लागली की मला तिला तिथून ओढून न्यावंसं वाटलं. मी पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन समजावू लागले. कलेत प्रसंग महत्त्वाचा नसतो, भाव महत्त्वाचा असतो. परीक्षकांचा निर्णय झालेला आहे. तुला तर अभिमान वाटायला हवा. मग ते आईकडे वळले आणि म्हणाले, "ताई, हा फोटो आता तुमच्या एकटीचा राहिलेला नाही. तो सगळ्या कष्टकरी बायकांचा झालाय."

"मंग त्यांच्यातल्या येकीला तरी इचारायचं हुतं," आई म्हणाली. "आन् नाव तेवढं बदला. तिथं लिवा, जेवताना."

डॉक्टर हसले. लहान मुलाचं बोलणं ऐकून हसावं तसं. त्यांनी विषय बदलला, म्हणाले, या फोटोशेजारी उभ्या राहा, एक आठवण म्हणून काढू. गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे सरकू लागले. एक पाऊल, दुसरं, लोकांना बाजूला करत पार समोरच्या भिंतीपर्यंत. आईने विचारलं, एवढं लांब का चालला. ते तिथूनच, जरा मोठ्याने म्हणाले, "या लेन्सला जवळचं दिसत नाही, ताई."

त्यांच्या मनात त्याचा काही वेगळा अर्थ नव्हता. यंत्राची अडचण ते सांगत होते. पण ते वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. आई फोटोशेजारून बाजूला झाली, गोण्या उचलल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित हे प्रकरण लिहिलंही नसतं. पण तो फोटो वर्तमानपत्राच्या पुरवणीत आला, तिथून कुणीतरी उचलला, आणि काही आठवड्यांनी आमच्याच चौकात, रोज पप्पांचा टेम्पो जिथून वळायचा तिथे, भलामोठा फ्लेक्स लागला. एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं अन्नदान. एका बाजूला हात जोडलेला पुढारी, दुसऱ्या बाजूला माझी रडणारी आई, मध्ये लिहिलेलं: भुकेल्याला घास. पप्पांनी तो पहाटे हेडलाइटच्या उजेडात पाहिला. त्या दिवशी दूध पोचवून ते सरळ घरी आले आणि अंगणात कॅन न उतरवताच बसून राहिले.

त्यानंतर जे झालं त्याचा राग मला डॉक्टरांच्या रागापेक्षा जास्त येतो, कारण ती आमची माणसं होती. बाजारात ओळखीची गिऱ्हाइकं आईकडे भाव करीनात. एकीने तर सुट्टे पैसे परत घेतले नाहीत, राहू दे म्हणाली. डेअरीवर कुणीतरी पप्पांना विचारलं की मास्तर, घरी बरं आहे ना सगळं. पप्पांना सगळे मास्तर म्हणत, त्यांच्या अक्षरामुळे. त्या विचारण्याने ते खचले. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या कारभारातले एक वडीलजन दोन माणसांसह घरी आले, बरोबर गव्हाची गोणी आणि तेलाचा डबा. आईने त्यांना बसवलं. चूल पेटवली, बोंबलाचं कालवण केलं, गरम भाकऱ्या थापल्या आणि तिघांना पोट फुटेस्तोवर जेवू घातलं. नको म्हणायची सोय नव्हती. जेवण झाल्यावर तिने गोणी आणि डबा त्यांच्याच गाडीत ठेवायला मला सांगितलं. वडीलजन खाली मान घालून गेले. पण जाताना दारात थांबून म्हणाले, "बहिणी, लाजायचं काय त्यात?" म्हणजे जेवूनही त्यांना ती उपाशीच वाटत होती. छापलेल्या चित्रापुढे तोंडातल्या घासाला किंमत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

रात्री पप्पा म्हणाले, आता बाजार बंद कर, माझ्या कमाईत भागेल. आईने भांडी घासता घासता उत्तर दिलं.

"मी कशापायी बंद करू? मी काय चोरी केलीया? ज्यानं केली त्यानं तोंड लपवावं."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्या पुढाऱ्याच्या कार्यालयात गेली. तिथे बसलेल्या पोरांना तिने शांतपणे सांगितलं की ही बाई मी आहे, मी उपाशी नाही, फ्लेक्स उतरवा. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने खुर्ची दिली, चहा मागवला. साहेबांच्या कानावर घालतो म्हणाले. फ्लेक्स उतरला तो आमच्यासाठी नाही. पुढच्या कुणाच्या तरी अभिनंदनाचा लागायचा होता म्हणून उतरला. आणि तो फाडूनही टाकला नाही. फ्लेक्सचं कापड मजबूत असतं. एका कांदेवाल्याने तो नेला आणि बाजारात कांद्याच्या ढिगावर पांघरला. दोन शनिवार माझ्या आईचा चेहरा कांद्यांवर सुरकुत्या पडून पसरलेला होता. शेवटी शकूमावशीने जाऊन तो ओढून काढला, कांदेवाल्याला आपली एक जुनी ताडपत्री दिली आणि परत येऊन मिरच्या निवडू लागली.

आज आई थकली आहे, बाजार कधीच सुटला. तो फोटो मात्र सुटलेला नाही. मोबाईल आल्यापासून तर त्याला पाय फुटले आहेत. अन्न वाया घालवू नका अशा कुठल्याशा संदेशाबरोबर तो फिरत असतो. मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्याच एका मुलीने, आईला न ओळखता, घरच्या ग्रुपवर टाकला. खाली जोडलेल्या हातांची आणि रडणाऱ्या चेहऱ्यांची चिन्हं. मी फोन भिरकावून देणार होते.

पण लेन्सचं सांगत होते. त्याच हिवाळ्याच्या शेवटी मी आणि भाऊसाहेब पुण्याला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं कशासाठी हवी, मी म्हटलं रस्त्यावरच्या फोटोंसाठी, आणि त्याने काचेवर लांबलचक झूम ठेवली. भाऊसाहेबांनी खुशीने मान हलवली. दुकानदार म्हणाला, "कॅन्डिडला हिला तोड नाही. समोरच्याला कळतसुद्धा नाही."

"समोरच्याला कळलं पाहिजे," मी म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "ही ठेवून द्या. लहान दाखवा. झूम नसलेल्या."

दुकानदाराने जरा नाराजीनेच तीन फिक्स लेन्स काढल्या. तिन्ही मुठीत मावतील एवढ्या. पन्नास मिलिमीटरची, पस्तीसची आणि चोवीसची, जी भाकरीसारखी चपटी होती. मी भाऊसाहेबांना काउंटरच्या पलीकडे बसवलं. आईच्या मालाच्या ढिगाअलीकडे गिऱ्हाईक बसतं, साधारण तेवढं अंतर. पिशवीतलं केळं सोलून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, खा. ते लाजले. एवढ्या मोठ्या दुकानात केळं खायचं म्हणजे काय, पण खाऊ लागले. पन्नासची लावली तर नुसता त्यांचा चेहरा भरून आला, केळं बाहेर. दुकानदार म्हणाला, पहिली म्हणून सगळे हीच घेतात, मागचं किती सुंदर धूसर होतं बघा. मला नेमकं तेच नको होतं. मागचं पुसून टाकलं की माणूस कुठेही बसवता येतो, त्याला काहीही नाव देता येतं. चोवीसची हलकी, कॅमेऱ्यावर लावली आहे हेही कळू नये अशी, आणि क्षणभर माझा जीव तिच्यावर गेला. पण तिच्यात भाऊसाहेबांबरोबर ट्यूबलाइट, कॅलेंडर, दुकानदाराचं कोपर असं सगळंच आलं, आणि फक्त त्यांना घ्यायचं तर मला त्यांच्या नाकाशी जावं लागलं. नाक फुगलं, कपाळ मागे पळालं. माणसाला विद्रूप करायचा हक्कही मला नको होता. मग पस्तीसची. चौकटीत भाऊसाहेब आले, त्यांचा हात आला, हातातलं केळं आलं, मागे दुकानाचं कपाट आलं, आणि मी जागची हलले नव्हते. त्यांनी घास गिळून हळूच विचारलं, झालं का. ते मला ऐकू आलं.

"हीच," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत भाऊसाहेब म्हणाले, हिच्यात लांबचं काही येणार नाही, बरेच फोटो हुकतील. मी म्हटलं, हुकू देत. तेव्हा ते उद्धटपणाने म्हटलं होतं. आज शांतपणे म्हणते. हुकले, पुष्कळ हुकले, आणि त्यांतल्या एकाचंही मला वाईट वाटत नाही.

पहिल्या शनिवारी मी ती लेन्स लावून बाजारात उतरले. लांब उभं राहून काही होत नव्हतं, माणसाच्या पुढ्यात जाऊन बसावं लागत होतं, काढू का म्हणून विचारावं लागत होतं. भांडीवाला नको म्हणाला. बांगड्यावालीने तोंड फिरवलं. एका म्हाताऱ्याने आधी टोपी नीट केली, मग मिशी, मग सदऱ्याचं बटण, तोवर त्याचं गिऱ्हाईक निघून गेलं आणि तो माझ्यावरच खेकसला. शकूमावशी ताठ बसली, डोळे वटारून, जसं काही तिला शिक्षा व्हायची आहे. ते माझे पहिले फोटो. कुणीही बक्षीस दिलं नसतं.

दुपारी आईने डबा उघडला. ऊन तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, भाकरीला तेलाची चमक होती, पोती दिसत होती, शकूमावशीचा हात दिसत होता. चेहरा आणि भाकरी एका चौकटीत. मला हवं होतं ते सगळं तिथे होतं. मी समोर उकिडवी बसले आणि विचारलं, "आई, काढू?"

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आज नको," ती म्हणाली. "आज मला निवांत जेवू दे."

मी कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. तिने भाकरीचा तुकडा मोडला, सुकटीला टेकवला आणि सावकाश तोंडात घातला. मी मान वळवून रस्त्याकडे बघत बसले, तिला कुणाच्या नजरेशिवाय जेवता यावं म्हणून.